किल्लारीच्या घरांत वय कुठे मोजलं?

पीएच.डी.साठी विषय शोधताना 'किल्लारी' म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं, "त्यावर सगळं होऊन गेलंय." भूकंपशास्त्र, बांधकाम, पुनर्वसन या अंगांनी खरंच भरपूर झालंय. तरी एक प्रश्न मनात धरून ते सगळं पुन्हा वाचा: ही घरं म्हातारपणाला पुरतात का?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं नव्या जागी वसवली गेली, जागतिक बँकेच्या कर्जातून. घराचा आकार ठरला जमिनीवरून. भूमिहीन आणि 1 हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट, 7 हेक्टरपर्यंत 400, त्याहून जास्त असेल तर 750. घरात माणसं किती, त्यातलं कोण काठी घेऊन चालतं, याचा त्या आकड्याशी संबंध नव्हता. आपल्या भाषेत, सातबारा हाच व्हेरिएबल.

सरकारची अडचण मला समजते. जमीन कागदावर तपासता येते. शिवाय दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाखाली हजारो माणसं गेली होती, त्यामुळे सगळं लक्ष 'घर पडणार नाही ना' याच्यावर. माझा आक्षेप नंतरच्या प्रश्नावल्यांवर आहे. भिंत मजबूत आहे का, घर आवडलं का, तिथे राहता का, एवढ्यावर थांबलात तर वय तुमच्याही हाती लागणार नाही. 1993 ला 45 वर्षांचा असलेला माणूस 2023 मध्ये 75 चा झाला. घर तेच, गुडघे ते नाहीत!

एम. पॉवेल लॉटन आणि ल्युसिल नाहेमो यांनी 1973 मध्ये मांडलेलं मॉडेल इथे कामाला येतं. माणसाची क्षमता जितकी कमी, तितका परिसराचा थोडासा ताणही जास्त जाणवतो. जुन्या गावठाणात गल्ल्या अरुंद, घराला घर चिकटलेलं, ओसरीवर बसलं की येणारंजाणारं दिसायचं. नव्या गावांत सरळ रुंद रस्ते, सुटे प्लॉट, त्यामुळे गाव कितीतरी जास्त जागेवर पसरलं. नकाशात ते मोकळंढाकळं दिसतं. सत्तरीतल्या बाईसाठी मात्र गिरणी, दवाखाना, मंदिर, एसटीचा थांबा सगळंच लांब गेलं, आणि वाटेत टेकायला ओटा नाही.

म्हणून "घर आवडतं का?" विचारू नका. "रात्री उठून संडासला कसं जाता, आजी?" असं विचारा, आणि टेप घेऊन जा. उंबऱ्याची उंची, पायऱ्या किती, धरायला काही आहे का, दाराची रुंदी. व्हीलचेअर वळवायला साधारण दीड मीटर मोकळी जागा लागते. 250 चौरस फुटांत खाट आणि कणगी ठेवल्यावर ती उरते का, मोजा. लोकांनी पुढेमागे पत्रे टाकून वाढवलेला भागही नकाशावर घ्या. मूळ आराखड्यात काय कमी पडलं, ते तिथे दिसतं.

इथे एक खड्डा आहे, त्यात पडू नका. ज्यांना त्या घरात जमेना, ते लातूरला नाहीतर पुण्याला मुलाकडे गेले असतील, किंवा आज हयात नसतील. तुम्हाला भेटतील ते निभावून नेलेले. त्यांच्यावरून 'ज्येष्ठ समाधानी' असा निष्कर्ष काढला तर व्हायवात पहिला प्रश्न यावरच येईल, आणि यायलाच हवा. त्यामुळे बंद घरांची यादी करा, शेजाऱ्यांना विचारा, गेलेल्यांना फोन लावा.

तुलनेला गट हवाच. कमी नुकसान झालेल्या गावांत लोकांनी अनुदान घेऊन आपली घरं जागेवरच दुरुस्त केली. 'संवाद सहायक' म्हणून नेमलेल्या बायका तिथे लोक आणि यंत्रणा यांच्यामध्ये काम करत होत्या. तिथे गल्ली आणि शेजार जुनाच राहिला. मात्र या गावांत मुळात नुकसानच कमी होतं, त्यामुळे फरक दिसला तरी तो सगळा मांडणीच्या खात्यावर टाकता येणार नाही. निदान जमीन आणि वय जुळवून जोड्या लावा, आणि सिनॉप्सिसमध्ये ही मर्यादा आधीच लिहून टाका.