‘इंडिया रिपोर्ट’मधील लोटा : धातुवस्तूंच्या सौंदर्यविचाराची चिकित्सा

प्रस्तावना :
पितळ-तांब्याच्या पारंपरिक भारतीय गृहोपयोगी वस्तूंचा सौंदर्यदृष्टीने विचार करताना ‘इंडिया रिपोर्ट’चा आधार हमखास घेतला जातो. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशात प्रवास करून हा अहवाल १९५८ मध्ये सादर केला. १९६१ मध्ये अहमदाबाद येथे स्थापन झालेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनची वैचारिक पायाभरणी त्यातून झाली. या अहवालातील लोट्याविषयीच्या प्रतिपादनाचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रतिपादनाचे सामर्थ्य :
भारतात पाहिलेल्या वस्तूंमध्ये लोटा ही बहुधा सर्वांत सुंदर वस्तू होय, असे ईम्स दांपत्याचे मत आहे. तो कोणा एका व्यक्तीने रचलेला नसून पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातून सिद्ध झाला, असे ते मानतात. लोटा नव्याने घडवायचा झाल्यास कोणते प्रश्न विचारावे लागतील, याची एक यादीच ते देतात. त्यात हाताचा आकार, भरलेल्या व रिकाम्या भांड्याचा तोल, पाणी ओतण्याची धार, डोक्यावर वा कमरेवर वाहून नेण्याची सोय, धातूचा आतल्या पदार्थावर होणारा परिणाम आणि मोडीत मिळणारे मोल यांचा समावेश आहे. शोभेच्या कलाकुसरीपलीकडे जाऊन रोजच्या वापरातील भांड्यामागची बुद्धी ओळखणे, हे या विवेचनाचे श्रेय निर्विवाद आहे.

यांतील काही प्रश्नांची उत्तरे मराठी स्वयंपाकघरातही सापडतात. कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात आंबट पदार्थ कळकतो. म्हणून आतून कथलाचा लेप द्यावा लागतो आणि तो झिजला की पुन्हा करून घ्यावा लागतो. म्हणजे भांड्याची उपयुक्तता त्याच्या आकाराइतकीच कल्हईवाल्याच्या श्रमावरही अवलंबून असते. पितळेचा असला तरी त्याला ‘तांब्या’च म्हटले जाते, धातू बदलला तरी नावात जुनी ओळख टिकून राहिली.

प्रतिपादनाच्या मर्यादा :
तथापि याच यादीत एक कळीचा प्रश्न आहे : अशी वस्तू जवळ बाळगताना, विकताना वा भेट देताना कसे वाटेल? या प्रश्नामागे एक गृहीत आहे. लोटा बाळगण्याची मोकळीक सर्वांनाच आहे, असे येथे मानलेले दिसते.

इतिहास याला दुजोरा देत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील झानू गावची घटना नोंदवली आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तेथील सुस्थितीतील अस्पृश्य कुटुंबांतील स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या. सवर्णांना हा आपला अपमान वाटला व त्यांनी त्या स्त्रियांवर हल्ला केला. ज्या जिल्ह्यात हे घडले, त्याच जिल्ह्यात सुमारे पाव शतकानंतर लोट्याच्या स्तुतीतून प्रेरणा घेणारी संस्था उभी राहिली. या योगायोगाचा दोष कोणाच्या माथी मारण्याचे कारण नाही. पण धातूचे भांडे डोक्यावर घेऊन जाणाऱ्या स्त्रीच्या संदर्भात ‘तोल’ या शब्दाला आणखी एक अर्थ होता, हे त्यावरून लक्षात येते.

अलंकारांबाबतही हेच म्हणता येईल. महाराष्ट्रात भांडी व बांगड्या हे दोन्ही व्यवसाय परंपरेने कासारांकडे असल्याने घरातील धातू आणि अंगावरील धातू यांचा विचार एकत्र करणे उचित ठरते. आंबेडकरांनी त्याच ग्रंथात इंदूर परिसरातील बलाई समाजावर १९२८ च्या सुमारास लादलेले निर्बंध दिले आहेत. त्यांत स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, ही अटही होती. उलट डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांसमोर बोलताना त्यांनी गळाभर गळसऱ्या आणि हातभर कथलाच्या वा चांदीच्या गोट-पाटल्या टाकून देण्याचा सल्ला दिला. कारण त्यांवरून अस्पृश्यता ओळखू येत असे. एकीकडे दागिना नाकारला जातो, तर दुसरीकडे तोच जातीची खूण ठरतो. दोन्ही ठिकाणी धातू माणसाची पायरी सांगतो. केवळ घाट व नक्षी पाहणाऱ्या समीक्षेला हे दिसत नाही.

अनामिकतेचा मुद्दाही तपासून घ्यावा लागेल. लग्नात दिलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव व तारीख कोरलेली आढळते. घडवणाऱ्याचे नाव सहसा नसते. लोटा पिढ्यांनी घडवला हे खरे. परंतु असे म्हणताना कारागिराचे अनाम राहणे स्वाभाविक मानले जाण्याचा धोका संभवतो.

निष्कर्ष :
१. ‘इंडिया रिपोर्ट’मधील प्रश्नावली आजही अध्यापनास उपयुक्त आहे, तथापि ती अपुरी आहे.
२. ‘ही वस्तू कोणाला बाळगता येत नव्हती?’ आणि ‘ती कोणी घडवली?’ या दोन प्रश्नांची भर तीत घालणे आवश्यक आहे.
३. संग्रहालयीन नोंदींत धातू, माप व काळ यांच्याबरोबर वस्तूवरील कोरीव नावे, कल्हई-डागडुजीच्या खुणा आणि मूळ घराचा सामाजिक संदर्भ नोंदवला जावा. असे घडल्यास लोट्याचे सौंदर्य उणावणार नाही. त्यातील पाणी कोणाच्या वाट्याला आले, हेही त्यासोबत कळेल.