विज्ञानाची बातमी आणि मराठी वाचक

दिवाळी अंक घरात आला की तो कोणत्या क्रमाने वाचला जातो, हे संपादकांनी एकदा अवश्य पाहावे. मुले व्यंगचित्रांवर झडप घालतात, कोणी कथेत शिरतो, वडीलधारी मंडळी चष्मा पुसून वार्षिक राशिभविष्याचे पान काढतात. विज्ञानावरचा लेख मात्र भाऊबीज उलटली तरी आपली पाळी येण्याची वाट पाहत असतो. वाचकाला गोडी नाही, असे म्हणून हा विषय मिटविण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती मान्य नाही. मी कादंबऱ्या लिहितो. वाचकाने पान उलटले तर आधी लेखकाने आपल्या पानाकडे पाहायचे असते, एवढे त्या उद्योगाने मला शिकविले आहे.

शिवाय या बाबतीत आपली परंपरा दरिद्री नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली 'दिग्दर्शन' मासिक काढले, तेव्हा मराठी गद्य स्वतःच रांगत होते. तरी त्याला शास्त्रीय विषयांचे वावडे नव्हते. १९२८ पासून 'सृष्टिज्ञान' मासिकाने तेच काम निष्ठेने केले, आणि १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. म्हणजे भाषा आहे, शब्द आहेत, वाचकही होता. मग उणीव कशाची?

माझ्या मते उणीव एका शब्दाची आहे, आणि तो शब्द 'कशावरून?' हा आहे. आजची विज्ञानवार्ता आपल्याला चकित करते. अमुक तारा इतका मोठा, तमुक विवर इतके दूर. पण हे कोणाला, कसे कळले, ते सांगत नाही. मग अशी बातमी आणि राशिभविष्य यांत फरक तो काय राहिला? दोन्ही विश्वासावरच घ्यायची! उलट भविष्य निदान 'माझे काय?' या प्रश्नाला उत्तर दिल्याचा आव तरी आणते.

ताजे उदाहरण घेऊ. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास मान्यता दिली. खर्च सुमारे २६०० कोटी रुपये. मी वाचलेल्या बहुतेक बातम्यांत 'विश्वाची रहस्ये उलगडणार' हे शब्द होते आणि खर्चाचा आकडा होता. मधले सारे गाळलेले. वस्तुतः खरी गोष्ट त्या मधल्या भागातच आहे.

सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली. त्या उलथापालथीने अवकाशालाच जी थरथर सुटली, ती अमेरिकेतील दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपली आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जगाला ते कळले. यंत्राची कल्पना साधी आहे. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या. दोहोंत लेसरचा प्रकाश सोडायचा, टोकाच्या आरशांवरून परतवायचा आणि पुन्हा एकत्र आणायचा. लहर आली की एक भुजा किंचित लांबते, दुसरी आखडते, आणि प्रकाशाचा मेळ बिघडतो. हे 'किंचित' म्हणजे अणुगर्भातील प्रोटॉनच्या व्यासाचाही हजारावा भाग!

इतक्या नाजूक कानाला शांतता हवी. आमच्या घोटीत हे यंत्र कधी उभे राहू शकणार नाही. येथून मुंबई-आग्रा महामार्गावरचे मालट्रक रात्रंदिवस धावतात आणि जवळच कसारा घाटातून वर आलेल्या गाड्या जातात. त्या हादऱ्यांपुढे विश्वाची कुजबुज ऐकू कशी यावी? हिंगोली का, याचे उत्तर येथून सुरू होते. आणि भारतातच का? तर एका कानाने आवाज ऐकू येतो, पण त्याची दिशा ठरवायला दूरदूरचे कान लागतात. शिवाय गोंगाटातून असा क्षीण संकेत निवडून काढण्याच्या गणितावर पुण्याच्या आयुका संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकापासून काम करीत आले आहेत. २६०० कोटी भागिले १४० कोटी माणसे हा हिशेब आमच्या शाळेतला मुलगाही करील: माणशी साडेअठरा रुपये. एवढे सांगितल्यावर वाचक खर्च योग्य की अयोग्य ते स्वतः ठरवू शकतो. न सांगता त्याच्याकडून टाळ्यांची किंवा नापसंतीची अपेक्षा करणे हा त्याचा अपमान आहे.

हे मराठीत साधते, याचा पुरावा म्हणजे जयंत नारळीकर. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठविली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहवून घेतली, आणि बक्षीस मिळविले. नावाची पुण्याई बाजूला ठेवून लिखाणाची परीक्षा होऊ देणे, हीदेखील एक शास्त्रीय वृत्तीच होय. कादंबरीकार म्हणून मला त्यांच्या कथांतील माणसे पुष्कळदा कल्पनेच्या ओझ्याखाली दबलेली वाटतात. संवादाचा मधूनच धडा होतो. परंतु 'आकाशाशी जडले नाते' सारख्या त्यांच्या विवेचक लेखनात ते वाचकाला निष्कर्षाच्या दाराशी सोडून जात नाहीत, तर पुराव्याच्या पायऱ्यांवरून हात धरून नेतात. विश्वाच्या आरंभाविषयी ते स्वतः अल्पमतात होते. महास्फोटाचा सिद्धान्त बहुतेकांनी स्वीकारला तरी त्यांनी आपली शंका सोडली नाही, आणि ती लपविलीही नाही. शास्त्रातही मतभेद असतात आणि ते पुराव्यानेच मिटवायचे असतात, हे त्यांच्या वाचकाला वेगळे शिकवावे लागले नाही.

धोरणाच्या बाबतीतही ते गप्प बसले नाहीत. २००१ साली विद्यापीठांत फलज्योतिष शिकविण्याचा घाट घातला गेला, तेव्हा त्यांनी उघड विरोध केला. पुढे २००८ साली त्यांनी सहकाऱ्यांसह एक चाचणीच घेतली. दोनशे मुलांच्या कुंडल्या, निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिष्याला चाळीस कुंडल्या देऊन कोणती कोणाची ते विचारले. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरे पाठविली. ती ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवूनही पन्नास टक्के जमले असते! ज्योतिषाला शिव्या देणारे लेख मराठीत रगड आहेत, पण 'कशावरून?' हा प्रश्न इतक्या सभ्यपणे विचारल्याचे उदाहरण विरळा.

डिसेंबर २०२१ मध्ये आमच्या नाशिकला भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांच्यावर गौरवलेख पुष्कळ निघाले. परंतु त्यांनी घालून दिलेला कित्ता गिरविणारे लिखाण किती निघते?

१९७६ च्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टी बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरविले. कर्तव्य सांगायचे आणि त्यासाठी लागणारी शिदोरी द्यायची नाही, हे बरे नव्हे. संपादकांनी राशिभविष्याचे पान काढून टाकावे, असा हट्ट मी धरीत नाही; सणासुदीला घरातल्या थोरांचे मन मोडू नये. मात्र त्याच्या समोरचेच पान विज्ञानाला द्यावे, आणि लेखकाकडून तीन उत्तरे मागून घ्यावीत: काय कळले, कशावरून कळले, आणि त्यासाठी कोणी, किती खर्च केला. दोन पाने शेजारी उघडी पडली म्हणजे कोणते अधिक काळ वाचावे, ते घरातली मुले ठरवतील. त्यांच्यावर माझा भरवसा आहे.