नाव देण्याची घाई

माझ्या पहिल्या नोकरीतलं पहिलं काम अगदी किरकोळ होतं. विमानाची तिकिटं शोधून देणारं एक अ‍ॅप होतं आणि त्यात जगभरातल्या विमानतळांचं एक टेबल होतं. प्रत्येक ओळीत तीन अक्षरी कोड, शहर, देश आणि विमानतळाचं पूर्ण नाव. काही नावं इतकी लांब होती की मोबाइलच्या स्क्रीनवर मावायची नाहीत. ती कुठे तोडायची, हे मला ठरवायचं होतं. सीनियरने एकच सूचना दिली, "कोडला हात लावू नकोस. आणि नावावर काहीही अवलंबून ठेवू नकोस, नाव कधीही बदलतं."

२०१९ सालची ही गोष्ट. दोन आठवडे मी ती नावं वाचत होतो. राजे, कवी, सैनिक, संत, वैमानिक. मधेच एखादं नाव यायचं आणि मी थबकायचो. अरे, हा माणूस तर अजून जिवंत आहे! मदेइरा बेटाच्या ओळीत क्रिस्तियानो रोनाल्डो होता, जो त्या आठवड्यातही मॅच खेळत होता. अमेरिकेतल्या लिटल रॉकच्या ओळीत बिल आणि हिलरी क्लिंटन, दोघंही. श्रीलंकेतल्या एका ओळीत राजपक्षे. हरारेच्या ओळीतला रॉबर्ट मुगाबे मी ती यादी वाचली त्याच वर्षी वारला.

तेव्हा मला हा निव्वळ गमतीचा विषय वाटला होता. आज वाटत नाही. विमानतळाचं नाव हा एक मजकूर असतो आणि तो आपण वाचतो तसा तपासलाही पाहिजे, असं मला वाटतं. कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला, आणि लिहिताना त्याला काय मिळणार होतं?

सुरुवात श्रीलंकेपासून करू, कारण तिथे हे सगळं सर्वांत स्पष्ट दिसतं.

हंबनटोटा हा श्रीलंकेच्या दक्षिणेकडचा, महिंदा राजपक्षे यांचा स्वतःचा जिल्हा. ते राष्ट्राध्यक्ष असताना तिथे एक मोठं बंदर झालं, त्याला त्यांचं नाव. एक क्रिकेट स्टेडियम झालं, त्यालाही त्यांचं नाव. मग मार्च २०१३ मध्ये मत्तला या गावाजवळ देशातलं दुसरं मोठं आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झालं. नाव, मत्तला राजपक्षे आंतरराष्ट्रीय विमानतळ. खर्च सुमारे २१ कोटी डॉलर आणि त्यातले १९ कोटी चीनच्या एक्झिम बँकेचं कर्ज. साडेतीन किलोमीटरची धावपट्टी, वर्षाला १० लाख प्रवासी हाताळण्याची क्षमता.

प्रवासी आलेच नाहीत. जानेवारी २०१५ मध्ये राजपक्षे निवडणूक हरले आणि त्याच महिन्यात श्रीलंकेच्या सरकारी विमान कंपनीने तिथली उड्डाणं थांबवली. पुढे तिथल्या रिकाम्या इमारतींत भात साठवला गेला. आजूबाजूला जंगल असल्याने हरणं, रानरेडे, हत्ती धावपट्टीच्या परिसरात यायचे. २०१६ मध्ये त्यांना हाकलण्यासाठी शेकडो सैनिक आणि पोलीस लावावे लागले. जगातलं सर्वांत रिकामं आंतरराष्ट्रीय विमानतळ अशी त्याची ख्याती झाली.

यात नावाचा काय दोष, असं कुणी विचारेल. चुकीच्या जागी बांधलेलं विमानतळ कुठल्याही नावाने रिकामंच राहिलं असतं. बरोबर. पण मला एक साधी शंका आहे. ऑफिसमध्ये एखाद्या फीचरला सीईओचं लाडकं फीचर म्हणून ओळखलं जाऊ लागलं की मीटिंगमध्ये काय होतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. ते कुणी वापरत नाही, हे आकडे सांगत असतात आणि डॅशबोर्ड उघडायला कुणी तयार नसतं. मग ज्या विमानतळावर देशाच्या सर्वांत ताकदवान माणसाचं नाव कोरायचं आहे, ते नको आहे हे त्याला कोण सांगणार? आणि सत्ता बदलल्यावर उलटा प्रश्न उभा राहतो. नव्या सरकारने उड्डाणं तोट्यामुळे बंद केली की नावामुळे? तोटा खरा होता. पण आर्थिक निर्णय आणि राजकीय सूड वेगळे ओळखता येऊ नयेत, याची सोय त्या नावाने आधीच करून ठेवली होती.

मे २०२२ मध्ये आर्थिक संकटात लोक रस्त्यावर उतरले, महिंदांना पंतप्रधानपद सोडावं लागलं. जमावाने त्यांच्या वडिलांचा पुतळाही पाडला. विमानतळाचं नाव मात्र तेच राहिलं.

झिंबाब्वेची गोष्ट याहून छोटी आहे. मुगाबे ३७ वर्षं सत्तेत होते. ९ नोव्हेंबर २०१७ रोजी हरारेच्या विमानतळाला अधिकृतपणे त्यांचं नाव मिळालं. आठवडाही उलटला नाही तोच लष्कराने ताबा घेतला आणि २१ नोव्हेंबरला त्यांनी राजीनामा दिला. बारा दिवस. आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर काही टाकू नये असा अलिखित नियम आहे, कारण शनिवारी काय होईल ते माहीत नसतं. जिवंत सत्ताधाऱ्याचं नाव कोरणं हे काहीसं तसंच.

पण ही हुकूमशाहीची उदाहरणं झाली, लोकशाहीत असं होत नाही, असं म्हणून सुटका होत नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल एअरपोर्टला रोनाल्ड रेगन यांचं नाव दिलं गेलं. रेगन तेव्हा हयात होते, सत्तेबाहेर होते आणि अल्झायमरने आजारी होते. स्वतःचं नाव पुढे ढकलण्याच्या अवस्थेतही नव्हते. तरीही ते नाव राजकारणच होतं, कारण ते त्यांच्या पक्षाला हवं होतं आणि स्थानिकांचा विरोध असताना अमेरिकन काँग्रेसने ते दिलं. गंमत अशी की याच रेगन यांनी १९८१ मध्ये संपावर गेलेल्या ११ हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना नोकरीवरून काढून टाकलं होतं. म्हणजे त्या विमानतळाच्या टॉवरमध्ये बसून काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर, त्याच्या व्यवसायाची संघटना मोडणाऱ्या माणसाची पाटी.

इथे मला स्टेडियम आणि विमानतळ यांतला फरक महत्त्वाचा वाटतो. वानखेडे स्टेडियमचं नाव शेषराव वानखेडे हयात असतानाच पडलं. त्याआधीचं ब्रेबॉर्न स्टेडियम तर तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावाचं. अहमदाबादच्या स्टेडियमला २०२१ मध्ये विद्यमान पंतप्रधानांचं नाव दिलं गेलं, ते मला पटलेलं नाही. तरी स्टेडियममध्ये जायचं की नाही, हे माझ्या हातात असतं. विमानतळाचं तसं नसतं. आईला दवाखान्यात न्यायला, नोकरीच्या मुलाखतीला, अंत्यविधीला जाणाऱ्या माणसाला तिकिटावर, बोर्डिंग पासवर, घोषणेत ते नाव भेटणारच. मग तो त्या नेत्याचा भक्त असो की त्याच्या राजवटीत भरडलेला.

आता दुसरी बाजू. माणूस जिवंत असतानाच कौतुक करावं, मेल्यावर हार घालून काय उपयोग, हे आपण सतत ऐकतो आणि ते खोटं नाही. रोनाल्डोचंच बघा. मदेइराच्या फुंशालमध्ये जन्मलेला, बाराव्या वर्षी घर सोडून लिस्बनला गेलेला गरीब घरातला मुलगा. २०१६ मध्ये पोर्तुगाल युरो कप जिंकलं आणि मार्च २०१७ मध्ये बेटाने विमानतळाला त्याचं नाव दिलं. तिथे बसवलेल्या त्याच्या अर्धपुतळ्याची जगभर इतकी थट्टा झाली की पुढच्या वर्षी तो बदलावा लागला. पण बेटाला आपल्या पोराचा अभिमान वाटला, यात वाईट काय? किंवा केप व्हर्देने २०१२ मध्ये राजधानीच्या विमानतळाला नेल्सन मंडेला यांचं नाव दिलं तेव्हा मंडेला हयात होते. दुसऱ्या देशातला, नव्वदी ओलांडलेला, कुठल्याही पदावर नसलेला माणूस. त्याच्याकडून त्या छोट्या देशाला काय मिळणार होतं?

रोनाल्डोच्या बाबतीत माझ्यातला इंजिनिअर थोडा कुरकुरतो, हे कबूल करतो. त्या विमानतळाची जुनी धावपट्टी आखूड होती. १९७७ मध्ये तिथे झालेल्या अपघातात १३१ माणसं गेली. नंतर समुद्राच्या कडेला उंच खांबांवर धावपट्टी पुढे नेली गेली. अंतोनियो सेगादायश तावारेश या अभियंत्याच्या त्या रचनेला २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. रोज ज्याच्या कामावर विमानं उतरतात त्याचं नाव कुणाला आठवत नाही. असो, ही तक्रार जिवंत-मृताची नाही.

उलट, मेलेल्यांची नावंही सुरक्षित नसतात. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीच्या विमानतळाला नट जॉन वेन याचं नाव १९७९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर लगेच दिलं गेलं. त्याची १९७१ मधली वर्णद्वेषी मुलाखत पुढे पुन्हा चर्चेत आली आणि २०२० मध्ये ते नाव काढण्याची मागणी झाली. मग मरण ही अट धरून काय साधतं?

याचं उत्तर मला माझ्या आजोळी मिळालं.

नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावं उठवली गेली, त्यातल्या एका गावातलं माझं आजोळ. २०२१ च्या जूनमध्ये तिथली माणसं रस्त्यावर उतरली. सरकारकडून बाळासाहेब ठाकरे यांचं नाव पुढे आलं होतं आणि गावांना हवं होतं दि. बा. पाटील यांचं. तेव्हा मी घरून काम करत होतो. मामा मानवी साखळीत उभा राहून आला, पाय धुऊन ओटीवर बसला, आणि मी त्याला शहाणपणा शिकवला. "मामा, कशाला कुणाचं नाव? नवी मुंबई विमानतळ एवढं पुरे की. नावात काय ठेवलंय?"

मामा चिडला नाही. १९८४ मध्ये तो जासईच्या आंदोलनात होता. त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. दि.बां.च्या त्या लढ्यातूनच पुढे विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा आला. मामाचं घर त्या साडेबारा टक्क्यांवर उभं आहे. तो म्हणाला, "दि.बा. गेले रे. आता ते आपल्याला काय देणार? म्हणून तर त्यांचं नाव पाहिजे."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मत्तलाच्या बरोबर उलटं हे वाक्य आहे. तिथे ज्याच्या हातात सगळं होतं त्याला नाव दिलं गेलं. इथे ज्याच्या हातात आता काहीच नाही, त्याच्यासाठी माणसं उन्हात उभी होती. एक आगाऊ भरलेला हप्ता, दुसरं फेडायचं राहिलेलं देणं.

मामाचं वाक्य मी नंतर सगळ्या उदाहरणांना लावून पाहिलं. या नावाने आज कुणाला काय मिळतं? मंडेला या चाचणीत पास होतात. मुगाबे, राजपक्षे नापास. रेगन हयात असून सत्तेबाहेर होते, पण त्यांचा पक्ष होता, म्हणून नापास. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर बाळासाहेबांचं नाव पुढे आलं तेव्हा तेही दिवंगतच होते, मात्र मुख्यमंत्रिपदावर त्यांचे चिरंजीव होते. म्हणजे मरण ही पूर्ण कसोटी नाही. मेलेल्याचं नावही जिवंत माणसाच्या उपयोगी पडतं, आपल्याकडे तर फारच.

मग मरणाची अट सोडून द्यावी आणि प्रत्येक नाव मामाच्या प्रश्नावर तपासावं? मला तसं वाटत नाही, कारण तपासणार कोण? ज्यांना फायदा होणार तेच ठरवणार असतील, तर प्रत्येक जण आपल्या नेत्याला मंडेलाच म्हणेल. म्हणून नियम ढोबळ हवा, कुणाच्या विवेकावर न चालणारा. अमेरिकेत स्पेन्सर क्लार्क नावाच्या अधिकाऱ्याने पाच सेंटच्या नोटेवर स्वतःचाच चेहरा छापला होता. मग १८६६ मध्ये कायदा झाला, चलनावर जिवंत माणसाचं चित्र नको. हा अधिकारी चांगला की वाईट, यावर चर्चासत्र भरवण्याची गरज उरली नाही. विमानतळांनाही असाच ढोबळ नियम असावा. माणूस जाऊन काही वर्षं झालेली असावीत, आणि मागणी ज्यांची जमीन गेली, जे तिथे राहतात, त्यांच्याकडून आलेली असावी. यात एखादे मंडेला सुटतील. चालेल. त्यांचं काही बिघडत नाही.

जून २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दि.बां.च्या नावाला मान्यता दिली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं, तेव्हा ते नाव अजून लागलेलं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी आमचं टेबल उघडून पाहिलं. मी आता वेगळ्या टीममध्ये आहे, पण वाचण्याची परवानगी अजून आहे. नवी ओळ आली होती. कोड एनएमआय, नाव नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ. मामाला स्क्रीनशॉट पाठवला. त्याचा लगेच फोन आला, "अरे, हे तुझ्या हातात आहे ना? मग टाक की नाव."

म्हटलं, मामा, असं मनाने टाकता येत नाही. आदेश यावा लागतो.

"बरं," तो म्हणाला, "आम्हाला थांबायची सवय आहे."