सांधेदार वीरबाहुल्या आणि तुलनेचे माप

संग्रह करणाऱ्याला वस्तूवस्तूंतील तारतम्य ठरविण्यासाठी कोणते तरी माप लागतेच. नाणी जमविणारा धातू, वजन आणि टांकसाळ पाहतो. पोथ्या जमविणारा लेखनकाल, लेखकाचा हात आणि पाठ पाहतो. सुपरहिरोंच्या ज्या सांधेदार बाहुल्यांना आज सर्वत्र ‘अॅक्शन फिगर’ म्हणतात, त्यांच्या संग्राहकांनी हे माप फारच सोपे करून टाकले आहे. सांधे किती, एवढेच ते प्रथम विचारतात. पाच सांध्यांची बाहुली सामान्य, पंधरा-सोळांची बरी, तिसांच्या पुढची उत्तम. सांगली-साताऱ्याकडून आमच्या वर्गांत येणाऱ्या काही विद्यार्थ्यांच्या काचेच्या कपाटांतही अशा बाहुल्या आहेत आणि त्यांच्या बोलण्यात हीच श्रेणी ऐकू येते. ती खेळण्यांपुरतीच राहती तर तिच्याविषयी या पत्रिकेत लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु याच दोन जिल्ह्यांकडे मराठी रंगभूमीच्या आरंभकाळातील बाहुल्यांचा वारसा आहे, आणि त्याचे वर्णन कोणत्या मापाने करावे हा प्रश्न आपण अद्याप नीट विचारलेला नाही. संग्राहकांचे माप त्या वारशाला लावून चालेल काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडे. ‘सांधा’ हा ‘संधि’ या संस्कृत शब्दाचाच तद्भव होय. दोन हाडे जेथे मिळतात तो सांधा. दोन वर्ण जेथे मिळतात तो संधी. युरोपीय भाषांतही असाच योग आढळतो. लॅटिनमध्ये लहान सांध्याला ‘आर्टिक्युलस’ म्हणत. बाहुलीची सांधेदारी आणि ध्वनीचे उच्चारण या दोहोंसाठी इंग्रजी-फ्रेंचमध्ये जी एकच संज्ञा चालते ती त्यातूनच निघाली. आंद्रे मार्तिने यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मानवी भाषेचे खास लक्षण म्हणून ज्या दुहेरी सांधणीचे विवेचन केले, तिच्यात खालच्या स्तरावरील घटक, म्हणजे स्वनिम, स्वतः अर्थहीन असतात; ते केवळ अर्थभेद घडवितात. बाहुलीचा सांधाही असाच आहे. सुट्या कोपराला अर्थ नाही. वाकलेला हात आणि ताठ हात यांतील भेदाला अर्थ आहे. साम्य येथवर खरे आहे. ते याहून ताणणाऱ्यांचा उत्साह प्रस्तुत लेखकाला मान्य नाही.

‘बाहुली’ हा शब्द मात्र अधिक गमतीचा आहे. अमेरिकेत १९६४ साली हॅस्ब्रो या कंपनीने ‘जी. आय. जो’ हा बारा इंची सैनिक बाजारात आणला तेव्हा त्याला बाहुली म्हणायचे कटाक्षाने टाळले, कारण मुलगे बाहुली घेणार नाहीत असे विक्रेत्यांना वाटत होते. ‘अॅक्शन फिगर’ ही संज्ञा रूढ झाली ती या संकोचापोटी. पुढे २००३ साली तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयापुढे टॉय बिझ कंपनीचा खटला निकालात निघाला. मनुष्याची आकृती असेल तर ती बाहुली व तिच्यावर बारा टक्के जकात. मनुष्येतराची असेल तर खेळणे व ६.८ टक्के जकात, असा भेद होता. एक्स-मेन मंडळी मनुष्य नव्हेत, असे उत्पादकांनीच मांडले आणि न्यायालयाने ते मानले. मराठीला ही अडचण पडली नसती. आपल्याकडे बाहुला, बाहुली, बाहुले अशी तिन्ही लिंगे उपलब्ध आहेत आणि दहा तोंडांच्या रावणालाही बाहुले म्हणण्यास कोणाची हरकत नाही. ज्ञानेश्वरीत कळसूत्री बाहुल्यांच्या खेळासाठी ‘साइखडे’ हा शब्द येतो. तेव्हा दोरीवर हालणारी आकृती हा मराठी मनाला तेराव्या शतकापासून परिचित असलेला दृष्टान्त आहे.

आता सांध्यांच्या संख्येकडे वळू. पहिल्या जी. आय. जोच्या जाहिरातीतच एकवीस हालते भाग सांगितले होते. म्हणजे मोजण्याची सवय प्रथम विक्रेत्यानेच लावली, संग्राहकाने ती उचलली. १९७२ पासून मेगो कंपनीने आठ इंची सुपरहिरो कापडी पोशाखात आणले. १९७८ साली केनर कंपनीने ‘स्टार वॉर्स’ची पावणेचार इंची माणसे काढली, तेव्हा मान, दोन खांदे आणि दोन जांघा एवढे पाचच सांधे उरले. २००२ साली सुरू झालेल्या ‘मार्व्हल लेजेंड्स’ मालिकेत सहा इंची बाहुलीला तीस किंवा त्याहूनही अधिक सांधे आले. संख्येची रेषा काढली तर ती खाली जाऊन पुन्हा वर चढलेली दिसते, आणि या चढणीलाच प्रगती म्हणण्याचा मोह होतो.

या मोहाला उत्तर देण्यासाठी भाषाविज्ञानातील लघुतम युग्माची कसोटी पुरेशी आहे. ‘काल’ आणि ‘गाल’ यांत एकाच ध्वनीचा फरक आहे. अर्थ पालटला, म्हणून तो ध्वनी भेदक ठरतो. बाहुल्यांतही अशी युग्मे सापडतात, आणि त्यांपैकी एक तर इतिहासानेच आपल्या हाती ठेवले आहे. १९८२ साली जी. आय. जो पावणेचार इंची आकारात पुन्हा आला तेव्हा त्याचा हात खांद्यात फिरे व कोपरात वाके. परंतु कोपराच्या वर दंड फिरत नसे. पुढच्याच वर्षी, १९८३ साली, तेवढी एक फिरकी दंडात बसविण्यात आली. सांध्यांच्या हिशेबात भर पडली ती प्रत्येक हातामागे एकाची. परिणाम मात्र असा झाला की दोन्ही हात छातीसमोर एकत्र येऊ लागले आणि सैनिक बंदूक दोन हातांनी धरू लागला. पूर्वी तो शस्त्र बाळगीत होता. आता तो ते वापरू लागला. या एका सांध्याचे मोल इतर दहांपेक्षा अधिक आहे, आणि ते मोजणीने कळत नाही, काय साधले हे पाहूनच कळते.

याच्या उलट बाजूही पाहावी. सुपरमॅनच्या ओळखीच्या ढबी थोड्याच आहेत : कमरेवर हात ठेवून उभा राहणे, हात पुढे करून उडणे. त्याला तीस सांधे दिले तर त्यांतील बहुतेक सांधे शुद्धलेखनातील अनुच्चारित अनुस्वारासारखे, दिसतात पण बोलत नाहीत. स्पायडरमॅनचे तसे नाही. भिंतीला चिकटून, गुडघे कानांपर्यंत नेऊन बसणे हीच त्याची ओळख. त्याला छातीत वाक, जांघेत फिरकी आणि पाऊल मुडपण्याची सोय नसेल तर रंगकाम कितीही सुबक असो, तो स्पायडरमॅन न वाटता त्याच्या पोशाखातील कोणी इसम वाटतो. हल्कच्या दंडांचे मांस कोपराला वाकूच देत नाही. तेथे सांधा आहे आणि नाहीही. कोणता सांधा कोणत्या वीराच्या बाबतीत व्यवच्छेदक आहे, हे त्या वीराच्या कथेवरूनच ठरते.

गोव्यात कारखाना असलेल्या फनस्कूल कंपनीने भारतात जे जी. आय. जो काढले, त्यांना परदेशी संग्राहक आज आवर्जून शोधतात ते त्यांच्या अनपेक्षित रंगांसाठी. साचे तेच, सांधे तेच, रंग निराळे. येथे सांध्यांचे माप अजिबात लागू पडत नाही हे संग्राहकही जाणतात. पण ते त्याला अपवाद म्हणून बाजूला ठेवतात.

आता सांगलीकडे यावे. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तसे काही मराठीत करण्यास सांगितले आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ सांगलीत झाले, हे प्रत्येक नाट्येतिहासात येते. भावे यांना बाहुल्या घडविण्याची हातोटी होती आणि त्यांनी लाकडी कळसूत्री बाहुल्या केल्या, हेही येते. परंतु एखाद्या वाक्यात, प्रस्तावनेदाखल. या बाहुल्या पुढे सातारा जिल्ह्यातील वाईच्या एका कुटुंबात जपल्या गेल्या, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामदास पाध्ये यांनी त्यांची डागडुजी करून त्यांना पुन्हा खेळते केले. आपल्या नाट्यसमीक्षेने त्यांना नाटकाची पूर्वतयारी मानले. जणू बाहुली ही नट न मिळाल्यामुळे वापरायची वस्तू! हे मत एकांगी आहे. त्याच्याऐवजी संग्राहकाचे माप आणून प्रत्येक बाहुलीमागे सांध्यांचा आकडा लिहिणे हेही तितकेच एकांगी होईल.

याचे कारण यंत्ररचनेतच आहे. अॅक्शन फिगरचा सांधा घट्ट असावा लागतो. उखळीचा असो वा बिजागरीचा, घर्षणाच्या जोरावर त्याने दिलेली ढब धरून ठेवली पाहिजे. तो सैल झाला की बाहुली ‘गेली’ असे म्हणतात. पावणेचार इंची जी. आय. जोच्या पोटात धड आणि पाय जोडणारे एक रबरी कडे असते. ते वर्षांनी कडक होऊन तुटले की वीराचे दोन तुकडे हातात येतात. कळसूत्री बाहुलीचा सांधा याच्या नेमका उलट, सैल हवा. लाकूड आपल्या वजनाने खाली लोंबते, दोरी त्याला वर ओढते, आणि या दोन ओढींच्या मध्ये हालचाल जन्मते. घट्ट सांध्याची कळसूत्री बाहुली मुकी होय. म्हणजे एका जातीत जो गुण तोच दुसरीत दोष. मग दोहोंना एकाच आकड्याने कसे मोजणार?

कथेच्या अंगानेही हा भेद महत्त्वाचा आहे. सुपरमॅन जून १९३८ च्या ‘अॅक्शन कॉमिक्स’च्या मुखपृष्ठावर प्रथम दिसला तो मोटारगाडी डोक्यावर उचलून. वीराचे बळ भार उचलून दाखवायचे ही युक्ती सीतास्वयंवरातही आहे. रामाला सुपरहिरो म्हणण्याची हल्लीची चाल प्रस्तुत लेखकाला रुचत नाही, पण युक्ती एकच आहे हे नाकारता येत नाही. प्लास्टिकच्या सुपरमॅनला गाडी धरविता येते, मात्र गाडी पोकळ हवी, नाहीतर खांदा खाली येतो. रामाच्या बाहुलीला धनुष्य उचलून दोन्ही हात समोर आणावे लागतात. १९८३ च्या सैनिकापुढे होता तोच प्रश्न. फिरकीचा सांधा न करताही तो सुटू शकतो : दोन हातांच्या दोऱ्या खेळवणाऱ्याने एकमेकींजवळ आणायच्या. सांधा लाकडात नाही, तो वर बोटांत आहे.

आणि रावण? मराठी परंपरेतील सीतास्वयंवरात रावण धनुष्य उचलू पाहतो आणि फजीत होतो. ही फजिती कोणत्याही स्थिर ढबीत मावत नाही. उचलण्याच्या ढबीतील रावण आणि न उचलता आलेला रावण कपाटात ठेवले तर सारखेच दिसतील. बळ कमी पडणे हे काळातच दिसते : हात धनुष्याला लागतो, दोरी ताणली जाते, क्षणभर काहीच होत नाही, मग धड कलते. १९८४ च्या ‘सुपर पॉवर्स’ मालिकेत सुपरमॅनचे पाय दाबले की हात ठोसा मारी. तेथे काळ होता, पण तो नेहमी यशाचाच. संग्राहक म्हणतील की आज अनेकजण एकेक ढब टिपून या बाहुल्यांचे चलच्चित्र करतात आणि त्यात पराभवही दाखवितात. हे खरे आहे. पण तेव्हा तेही कपाटातील माप सोडून खेळवणाऱ्याच्या मापाकडेच आलेले असतात.

म्हणून भावे यांच्या बाहुल्यांच्या वर्णनात लांबी, लाकूड, रंग आणि सांधे यांच्याबरोबर आणखी नोंदी हव्यात : प्रत्येक सांधा किती सैल आहे, दोरी कोठे बांधली आहे, किती दोऱ्या एका हाती येतात, आणि कथेतील कोणती क्रिया त्यांपैकी कशावाचून अडते. पिंगुळीच्या ठाकर मंडळींमध्ये कळसूत्री खेळाची परंपरा आहे. तेथे जाऊन खेळवणाऱ्यांची बोटे पाहिल्याशिवाय या नोंदी वाचता येणार नाहीत. ज्यांनी भावे यांच्या बाहुल्या प्रत्यक्ष हाताळल्या आणि दुरुस्त केल्या त्यांना कोणती दोरी का बदलली हे ठाऊक आहे, आणि ते ज्ञान कागदावर उतरलेले नसेल तर लाकूड शाबूत राहूनही ते नष्ट होईल. आमच्या ज्या विद्यार्थ्यांना तीस सांध्यांची नावे तोंडपाठ आहेत, त्यांची नजर या कामाला अगदी योग्य आहे. त्यांनी एकदा वाईची वाट धरावी आणि पहिली नोंद रावणाच्या खांद्याची करावी.