ढब्बूची शाई आणि पासोडी : दासोपंतांच्या परिचयाचा प्रश्न

१

मराठी वाङ्मयेतिहासात दासोपंतांच्या वाट्याला एक चमत्कारिक प्रतिष्ठा आलेली आहे. त्यांचा उल्लेख केल्यावाचून सोळाव्या शतकाचे प्रकरण पुरे होत नाही. आणि उल्लेख झाल्यानंतर त्यांच्या ओव्यांकडे वळण्याची निकड क्वचितच कोणाला भासते. शके १४७३ मध्ये जन्मलेल्या आणि शके १५३७ मध्ये अंबाजोगाई येथे समाधिस्थ झालेल्या या दत्तभक्त कवीविषयी सामान्य अभ्यासकाला तीन गोष्टी हमखास ठाऊक असतात. त्यांनी गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ रचला. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा पासोडीवर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिले. आणि त्यांना लेखनासाठी रोज एक ढब्बू पैशाची शाई लागत असे. पहिली गोष्ट त्यांच्या कार्याची, दुसरी त्यांच्या आवडीची आणि तिसरी त्यांच्या सवयीची म्हणता येईल. परंतु या तिन्हींत एक साम्य आहे, ते असे की त्या तिन्ही मोजमापाच्या आहेत. ओव्यांची संख्या, कापडाची लांबी आणि शाईची किंमत एवढ्यावर एका कवीचा परिचय पुरा झाला, असे मानले गेले आहे.

हा परिचय खोटा आहे असे नाही. तो ज्या प्रकारे वाचनाची जागा घेतो, तो प्रकार मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. लेखकाचे कार्य, त्याच्या आवडीनिवडी आणि सवयी जाणून घेतल्याने लेखन अधिक कळते काय, आणि कळत असेल तर कोणत्या अर्थाने, हा समीक्षेतील जुना प्रश्न दासोपंतांच्या निमित्ताने पुन्हा उभा राहतो.

२

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच समीक्षक सँत बव्ह याने या प्रश्नाचे उत्तर निःशंकपणे होकारार्थी दिले होते. लेखकाचा धर्मविचार कोणता, पैशाच्या बाबतीत तो कसा वागे, त्याचा दिनक्रम व आहारविहार काय होता, हे विचारल्यावाचून त्याच्या ग्रंथाचा न्याय करता येत नाही, अशी त्याची भूमिका होती. प्रूस्तने तिच्याविरुद्ध जे लिहिले ते त्याच्या मृत्यूनंतर १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. सवयींतून आणि लोकांतील वावरण्यातून प्रकट होणारा ‘मी’ निराळा आणि ग्रंथ निर्माण करणारा ‘मी’ निराळा, हे त्याच्या प्रतिपादनाचे सार होय. पुढे बार्थ आणि फूको यांनी लेखक या संकल्पनेलाच हात घातला. मराठी समीक्षेत या सर्व विचारांची ये-जा झालेली आहे, आणि कलाकृतीच्या स्वायत्ततेचा पक्ष येथे दीर्घकाळ प्रबळ राहिलेला आहे.

तथापि हे दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरतात. लेखकाच्या जीवनाविषयीची माहिती ही त्या लेखकाविषयीचीच माहिती असते, असे ते मानतात. मध्ययुगीन मराठी कवींच्या बाबतीत हे गृहीतच डळमळीत होते. दासोपंतांची प्रसिद्ध कथा याचे उत्तम उदाहरण आहे. बीदरच्या बरीदशाहीतील नारायणपेठचे देशपांडे दिगंबरपंत यांच्याकडून सारा वेळेवर भरला गेला नाही. बादशहाने त्यांचा मुलगा ओलीस ठेवला. मुदतीत रक्कम न आल्यास मुलाला धर्मांतर करावे लागणार होते. आणि मुदत संपता संपता ‘दत्ताजी पाडेवार’ या नावाने एक सेवक आला व रक्कम भरून अंतर्धान पावला. हाच प्रसंग अभ्यासकाने मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या कथेशेजारी ठेवून पाहावा. तेथेही दरबार बीदरचा, तेथेही सरकारी देणे, तेथेही हीन मानलेल्या जातीच्या सेवकाचे रूप घेऊन देवच रक्कम भरतो. तेथे विठ्ठल विठू महार होतो, येथे दत्त पाडेवार होतो. उपास्य दैवत बदलते, कथेची घडण तीच राहते.

यावरून कथा निरुपयोगी ठरत नाही. सुलतानी अमलातील वतनदार कुटुंबाला महसुलाची भीती किती मोठी वाटत होती, हे ती सांगते. आणि भक्ताच्या संकटात धावून येणारा देव उच्चवर्णीयाचे रूप घेत नाही, ही लोकमानसाची अर्थपूर्ण निवडही ती दाखवते. परंतु दासोपंत नावाची विशिष्ट व्यक्ती कशी होती, हे ती सांगू शकत नाही. विसाव्या शतकात जस्टिन ॲबट यांनी दासोपंतचरित्र इंग्रजीत नेले, तेव्हा परभाषिक वाचकांच्या हाती प्रामुख्याने हीच कथा पडली. ‘गीतार्णव’ मात्र मराठी वाचकालाही दूरचाच राहिला.

येथे ‘लीळाचरित्रा’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. म्हाइंभटांनी चक्रधरांचे चालणे, बोलणे, जेवणे, रुसणे हे सारे प्रत्यक्षदर्शींना विचारून टिपले. त्या संप्रदायात सवयीचे स्मरण हीच उपासना होती, म्हणून तपशील जपला गेला. दासोपंतांच्या भोवती असा तपशील जपणारी मंडळी दिसत नाहीत. त्यांच्या एकाच सवयीची आठवण राहिली, आणि ती शाईची.

३

ढब्बू हे तांब्याचे जाड, हलक्या मोलाचे नाणे. काजळ आणि डिंक घोटून केलेली शाई बोरूने लिहिणाऱ्याला एका ढब्बूची रोज पुरत असेल, तर तो रोज बरेच लिहीत असला पाहिजे, एवढाच या आख्यायिकेचा उघड अर्थ. पण ती प्रतिभेचे मोजमाप खर्चात करते, हे तिचे वैशिष्ट्य लक्षात घेण्यासारखे आहे. स्फूर्ती झाली, सरस्वती जिभेवर नाचली, अशी भाषा येथे नाही. लेखन हा येथे नित्याचा, हिशेबात धरावा लागणारा व्यवहार आहे. देशपांड्यांच्या घरात जन्मलेल्या कवीविषयी असा हिशेब सांगितला जावा, यात एक प्रकारची संगती आहे.

मात्र समीक्षेने हा हिशेब पुढे चालवला नाही. गीतेचे श्लोक सातशे. ज्ञानेश्वरी सुमारे नऊ हजार ओव्यांची, म्हणजे एका श्लोकाला सरासरी तेरा ओव्या. ‘गीतार्णवा’ची परंपरेने सांगितलेली संख्या धरली, तर एका श्लोकाला सुमारे एकशे अठ्ठ्याहत्तर ओव्या येतात. तेरा आणि एकशे अठ्ठ्याहत्तर यांतील अंतर केवळ पाल्हाळाचे नव्हे. इतक्या विस्तारात भाष्याचा प्रकारच बदलतो. मूळ श्लोक हे विवरणाचे लक्ष्य न राहता निमित्त होते, आणि ग्रंथाचे नाते श्रोत्याच्या एका बैठकीशी न राहता वर्षानुवर्षे चालणाऱ्या अनुष्ठानाशी जुळते. ग्रंथाला दिलेले ‘अर्णव’ हे नावही हेच सुचवते. समुद्र कोणी पिऊन संपवण्यासाठी नसतो. दासोपंतांवर अतिविस्ताराचा ठपका ठेवणारी समीक्षा ज्ञानेश्वरीच्या घाटाचे माप दुसऱ्याच जातीच्या ग्रंथाला लावते. हा विस्तार यशस्वी झाला की नाही, हा वेगळा व खरा प्रश्न आहे. तो विचारण्यासाठी मात्र ग्रंथात शिरावे लागते. शाईचा हिशेब तेथवर पोहोचवत नाही.

४

पासोडीकडे वळल्यावर सवयीने बांधलेले हे चित्र मोडू लागते. पोथीची पाने सुटी असतात. लिहिता लिहिता विषय वाढला तर आणखी पाने घालता येतात. चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासून पुन्हा लिहिता येते. जाड सुती पांघरुणाचे तसे नाही. त्याला चार कडा आहेत. कोठे काय येणार, किती मावणार, हे आधी ठरवावे लागते. ज्याच्याविषयी ‘लिहिताना थांबत नसे’ अशी ख्याती, त्याच कवीने ज्याला शेवट आहे असे साधन निवडले आणि सुमारे १६०० ओव्यांत विषय बसवला. एवढी एक निवडही त्याच्या रुचीविषयी ढब्बूच्या आख्यायिकेपेक्षा अधिक बोलते.

ही निवड विषयातूनच आलेली आहे. पंचीकरणाच्या सिद्धान्तानुसार प्रत्येक सूक्ष्म भूताचे दोन भाग होतात. अर्धा भाग त्याचा त्याच्याकडे राहतो. उरलेल्या अर्ध्याचे चार समान भाग होऊन ते इतर चार भूतांत मिसळतात. त्यामुळे प्रत्येक स्थूल भूतात अर्धा अंश स्वतःचा आणि एक-अष्टमांश इतर प्रत्येकाचा असतो. या मिश्रणातून देहाची पंचवीस तत्त्वे मांडण्याची मराठी परंपरा आहे. पृथ्वीचे अस्थी, मांस, त्वचा, नाडी, रोम. तेजाचे क्षुधा, तृषा, आलस्य, निद्रा, मैथुन. अशी पाचांची पाच पंचके होतात. हा विषय मुळातच उभ्याआडव्या रकान्यांचा आहे. ओवी मात्र एकामागून एक चालते. ती ऐकणाऱ्याला एका वेळी एकच घर दाखवू शकते. समर्थांनी ‘दासबोधा’त हाच विषय ओवीच्या क्रमाने सांगितला. दासोपंतांनी तो अशा पृष्ठभागावर नेला, की जेथे सगळा व्यूह एकदम डोळ्यांपुढे पसरता येतो आणि अक्षराला आकृतीची जोड मिळते. श्राव्य रचनेच्या परंपरेत वाढलेल्या कवीने दृश्य मांडणीची गरज ओळखली, ही या पासोडीची वाङ्मयीन बाजू होय. तिला ‘अजब वस्तू’ म्हणून दाखवण्याच्या उत्साहात हीच बाजू झाकली गेली आहे.

ज्या कवीने गाण्यासाठी पदे रचली, त्यानेच पाहण्यासाठी पासोडी लिहिली आणि अनुष्ठानासाठी ‘अर्णव’ उभा केला. तीन निरनिराळ्या ग्रहणप्रकारांसाठी तीन निरनिराळे घाट, असा हा क्रम आहे. दासोपंतांच्या आवडीनिवडी कोठे शोधाव्यात, याचे उत्तर येथे मिळते. रुची म्हणजे घाटाची निवड, आणि ती संहितेतच नोंदलेली असते.

५

शेवटी एक अडचण उरते आणि ती टाळता येण्यासारखी नाही. पंचीकरणाचा हेतू तत्त्वांची यादी देणे हा नाही. भूक, तहान, आळस, झोप ही तेजाची. चलन, वळण ही वायूची. काम, क्रोध, शोक, मोह, भय ही आकाशाची. असे एकेक वेगळे काढल्यावर ‘माझे’ म्हणून काय उरते, हे साधकाला विचारायला लावणे हा त्याचा हेतू आहे. ज्या कवीच्या सवयी जाणून घेण्याचे कुतूहल वाचकाला आहे, तो कवी चाळीस फूट कापडावर एवढेच सांगतो की सवयी भूतांच्या आहेत, व्यक्तीच्या नाहीत. चरित्रात्मक समीक्षेला याहून परखड उत्तर मराठीत क्वचितच मिळाले असेल. आणि ते प्रूस्तच्या तीन शतके आधी, निराळ्या प्रयोजनाने दिलेले आहे.

परंतु हे उत्तरही पूर्णतः स्वीकारता येत नाही. व्यक्तित्व नाकारणारी ती पासोडी कोणीतरी अंथरली, मापली, हाताने लिहिली. अंबाजोगाईच्या देवघरांच्या परंपरेने ती जपली, ती वेदान्तावरील एक प्रकरण म्हणून नव्हे, तर दासोपंतांच्या हातचे लेखन म्हणून. सिद्धान्त ‘मी’ पुसतो आणि अक्षर तो परत आणते. या दोहोंतील ताण हाच दासोपंतांच्या वाङ्मयाचा जिवंत भाग आहे, आणि तो आख्यायिकेत नसून लेखनात आहे. ढब्बूच्या शाईची गोष्ट सांगून थांबणारा अभ्यासक शाई किती लागली ते जाणतो. त्या शाईने काय लिहिले गेले, हे जाणून घेण्याचे काम अद्याप पुष्कळसे बाकी आहे.