टीम नसलेली फौज

(नागपुरात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली वळणं जमेल तिथे तशीच ठेवली आहेत.)

आज मोबाइलवरच्या गेमबद्दल बोलायचंय म्हटल्यावर समोरच्या दोन रांगांतले चेहरे जरासे पडलेले दिसून राहिले आहेत. (हशा) मागे बसलेली पोरं मात्र पहिल्यांदाच फोन खिशात ठेवून बसली आहेत, हेही दिसतंय. तेव्हा सुरुवातीला ज्येष्ठांसाठी थोडं, मग मुद्द्यावर येतो.

टीम शूटर म्हणजे काय? तुम्ही चार-पाच जण एका बाजूला, समोर तितकेच किंवा त्याहून जास्त. हातात बंदूक, कानाला हेडफोन. आमच्या पिढीनं हा प्रकार सायबर कॅफेत पाहिला. काउंटर-स्ट्राइक. मूळचा तो दुसऱ्याच एका गेममध्ये हौशी पोरांनी केलेला बदल होता, 1999 चा. पुढच्या वर्षी व्हॉल्व कंपनीनं तो स्वतंत्र गेम म्हणून आणला. त्यात एक साधा नियम होता. एकदा मेलात की तो डाव संपेपर्यंत गप बसून बाकीच्यांचा खेळ पाहायचा. आता नागपूरचा पोरगा गप कुठं बसतो? तो मागं उभा राहून ओरडतो, ‘अबे डावीकडं पाय ना बे!’ कॅफेवाला वैतागायचा. पण गेमचा अर्धा जीव त्या ओरडण्यात होता. तुमचं मरण दुसऱ्याची अडचण व्हायचं, म्हणून तुम्ही एकमेकांना जपायचे.

पबजीनं हेच मोबाइलवर आणलं. शंभर माणसं एका बेटावर उतरतात, चार-चार जणांचं पथक. बहुतेक जण तो खांद्यामागून पाहत खेळत, त्यामुळे नियमानं बोलायचं तर तो ‘फर्स्ट-पर्सन’ म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा गेम झाला नाही. आपल्याला त्या वर्गवारीशी आज कर्तव्य नाही. त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. गोळी लागली की तुम्ही लगेच मरत नाही, गुडघ्यावर येता आणि रांगत राहता. सोबत्यानं येऊन सुमारे दहा सेकंद तुमच्यापाशी बसलं तरच तुम्ही उठता. ते दहा सेकंद तो स्वतः उघड्यावर असतो. कोण येतं आणि कोण येत नाही, यावरून मैत्र्या तुटलेल्या मी पाहिल्या आहेत. (हशा)

2020 चा उन्हाळा आठवा. होस्टेलं रिकामी झाली होती. माझा भाचा मानेवाड्याला गच्चीवर बसायचा, कारण खाली नेटवर्क नव्हतं. त्याच्या पथकातला एक कामठीला, एक गोंदियाला घरी परतलेला, एक पुण्यात अडकलेला. संध्याकाळी सातला चौघं भेटायचे. अभ्यास काय केला, कुणाच्या घरी कोण आजारी आहे, सगळं त्या गोळीबारातच चालायचं. ताईला वाटायचं पोरगं बिघडलं. मला वाटायचं याचा कट्टा फक्त जागा बदलून बसलाय.

2 सप्टेंबर 2020 ला सरकारनं 118 ॲपांवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. ज्यांच्या फोनमध्ये तो आधीपासून होता त्यांचा 30 ऑक्टोबरपर्यंत चालला, मग भारतातले सर्व्हर बंद. बंदीनंतर दोनच दिवसांनी, 4 सप्टेंबरला, अक्षय कुमारनं घोषणा केली: फौ-जी येतोय. बेंगळुरूची एनकोर गेम्स, त्यामागे विशाल गोंडल, ज्यांनी 1999 मध्ये मुंबईत इंडियागेम्स उभी केली होती. निव्वळ उत्पन्नाचा 20 टक्के हिस्सा ‘भारत के वीर’ निधीला. नोंदणी उघडली तेव्हा पहिल्या चोवीस तासांत 10 लाखांवर लोकांनी नावं दिली. कंपनीनं सांगितलं होतं की काम बंदीच्या आधीपासून चालू आहे. ते खरं धरू. पण घोषणेची तारीख पाहून लोकांनी काय समजायचं ते समजलंच. प्रत्येक पथकानं वाटून घेतलं, आता आपण इथं भेटणार.

26 जानेवारी 2021 ला गेम आला आणि त्यात भेटण्याची सोयच नव्हती.

होती ती फक्त मोहीम. म्हणजे एकट्यानं खेळायची गोष्ट. टीमचा मोड ‘लवकरच येत आहे’. गलवान खोरं, बर्फ, पथकापासून तुटलेला एक जवान. तो चालतो, शत्रू एकेक-दोनदोन करून समोर येतात, तुम्ही मारता, अडवता, पुन्हा मारता. बटणं मोजकीच, वाट एकच. आठवडाभरात प्ले स्टोअरवरचं मानांकन पाचपैकी तीनच्या आसपास आलं.

त्या वेळी सगळ्यात मोठी ओरड कशावर झाली? यात बंदुका नाहीत! आता इथं मला गेमची बाजू घ्यायचीय. 15 जून 2020 च्या रात्री गलवानला आपले 20 जवान गेले, ते गोळीबारात नाही. 1996 च्या करारानं ताबारेषेजवळ शस्त्र चालवायला मज्जाव होता, म्हणून ती मारामारी दगडांनी, दांडक्यांनी, हातांनी झाली. गेमनं दांडकी दाखवली ती इतिहासाला धरून होती. उलट तिथं रायफली दिल्या असत्या तर मी आज जास्त चिडून बोललो असतो. या गेममधली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट लोकांना सगळ्यात जास्त खटकली, आणि त्याचा दोष खेळणाऱ्यांवर टाकता येत नाही. कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की तुम्ही युद्धस्मारक पाहायला येत आहात. ते दोस्तांना घेऊन खेळायला आले होते.

मला खटकली ती शेकोटी. मोहिमेत जखमी झालात की वाटेत पेटलेली शेकोटी असते. तिथं बसायचं, ताकद भरून येते. दिसायला छान आहे. बर्फात एकटा सैनिक, पुढे जाळ. पण विचार करा, जिथं आपल्या पोरांना सोबती यायची सवय होती, तिथं ही शेकोटी ठेवली आहे. तिला तुमच्यासाठी कुठला धोका पत्करायचा नसतो. ती वाट चुकत नाही, उशिरा येत नाही, तिच्याशी भांडण होत नाही. सैन्याबद्दल ज्यांनी थोडंफार वाचलंय त्यांना माहीत आहे की जवान शेजारच्या जवानासाठी लढतो. फौजेवरच्या गेममध्ये फौजच नव्हती. देश होता, झेंडा होता, पार्श्वसंगीत होतं. शेजारचा माणूस नव्हता.

भाच्यानं दुपारी दीडपर्यंत खेळून फोन ठेवला. मी विचारलं, कसा आहे? तर म्हणे, ‘मामा, बोलायचं कोणाशी यात?’ मी एवढा वेळ जे सांगून राहिलो ते त्यानं एका वाक्यात संपवलं होतं.

पुढे टीमचा मोड आला, चाचणीच्या रूपात, 21 जून 2021 ला. पाच विरुद्ध पाच, टीम डेथमॅच. मात्र त्याच्या चारच दिवस आधी, 17 जूनला, पबजीचा भारतीय अवतार बीजीएमआय चाचणीसाठी खुला झाला होता आणि 2 जुलैला तो सगळ्यांसाठी आला. पथकं परत आपल्या जुन्या बेटावर गेली. उशीर हे एक कारण झालंच. दुसरं कारण त्या मोडच्या घडणीतलं. डेथमॅचमध्ये मेलात की काही क्षणांत पुन्हा जिवंत होता, समोरच्यांचा एक गुण वाढतो, बस. कुणी कुणाला उचलायचं नसतं. शेजारी चार जण धावत असतात, पण ते नसते तरी फारसं बिघडत नाही. सराव म्हणून ठीक. कट्टा म्हणून नाही.

कुणी म्हणेल, लहान कंपनी, कमी पैसा, टीम गेम बनवायला वर्षं लागतात. मान्य. पण पैसा असला म्हणजे जमतं असंही नाही. सोनीचा कॉन्कॉर्ड घ्या. स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा, पाच विरुद्ध पाच, गुळगुळीत, देखणा. 23 ऑगस्ट 2024 ला आला, 6 सप्टेंबरला बंद झाला, लोकांना पैसे परत. चौदा दिवस! त्या वर्षी ऑक्टोबरात तो बनवणारा स्टुडिओही बंद झाला. त्याची किंमत 40 डॉलर होती आणि त्याच जातीचे बाकीचे गेम फुकट. एकट्याच्या गेमला तुम्ही स्वतःपुरतं ठरवता. इथं मित्रांनाही खिशात हात घालायला लावायचा. चौघांतल्या ज्याचा फोन सगळ्यात जुना आणि ज्याच्याकडे पैसे सगळ्यात कमी, तो ठरवतो की पथक कुठं खेळणार. आपल्याकडच्या पोरांना हे कुणी शिकवावं लागत नाही, पार्टीची वर्गणी काढताना ती हेच करतात.

फौ-जीच्या नावानं नंतर ‘डॉमिनेशन’ आला, तो खरोखरच पाच विरुद्ध पाच आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा. पुण्याच्या सुपरगेमिंगनं 16 ऑक्टोबर 2024 ला ‘इंडस’ आणला. या दोन्हींवर मी आज मत देणार नाही, टीम गेमवर मत द्यायचं तर एक पथक जमवून महिनोन्‌महिने खेळावं लागतं आणि माझ्या वयात पथक जमत नाही. (हशा) माझ्याशी खेळायला तयार झालेले दोघं तर इथंच मागे बसले आहेत, ते सांगतील मी किती वेळा त्यांना उचलायला गेलो नाही ते.

प्रश्न घेऊ या आता. हो, तिथं खांबाजवळ, पहिला तुमचा.