युनिक्सचे मौन आणि नवागत

डोनाल्ड नॉर्मन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली ‘डेटामेशन’ या नियतकालिकात युनिक्स या संगणकप्रणालीवर लिहिलेला टीकालेख नवागताची बाजू मांडणारा म्हणून आजही विचारार्ह आहे. आज्ञांची नावे त्यांच्या कार्याशी विसंगत आहेत आणि प्रणाली वापरणाऱ्याशी बोलतच नाही, हे त्यांच्या प्रमुख आक्षेपांपैकी दोन होत.

पहिला आक्षेप मान्य करावा लागतो. फाइल वाचावयाची तर ‘कॅट’ ही आज्ञा द्यावी लागते. ‘जोडणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे ते संक्षिप्त रूप आहे, हे नवागताला कसे कळावे? संदर्भपुस्तिका पाहावी, असे उत्तर दिले जाते. परंतु १९७१ पासून चालत आलेली ही पुस्तिका कोशाच्या धर्तीची आहे. शब्द ठाऊक असणाऱ्याला कोश अर्थ सांगतो. केवळ अर्थ मनात घेऊन येणाऱ्याला तो फारसा उपयोगी पडत नाही.

दुसऱ्या आक्षेपाचा विचार मात्र अधिक सावधपणे केला पाहिजे. १९७३ साली युनिक्समध्ये ‘पाइप’ची सोय आली आणि एका प्रोग्रॅमचे फलित थेट दुसऱ्याच्या हाती पडू लागले. त्यात ‘काम झाले’ असे शब्द मिसळले, तर पुढचा प्रोग्रॅम तेही माहिती म्हणूनच स्वीकारील. तेव्हा हे मौन म्हणजे औदासीन्य नव्हे. तो रचनेचा नियम होय.

तथापि ‘आरएम’ ही आज्ञा फाइल पुसून टाकते. तिचे फलित पुढे कोणाला द्यावयाचे नसते. तरीही ती सहसा मूकच राहते. तेथे नॉर्मन यांचा आक्षेप खरा ठरतो. नवागताने नियम शिकावा, हे रास्तच. परंतु नियमाचे कारण संपल्यावरही पाळलेल्या मौनाचा दोष त्याच्या माथी मारणे रास्त नव्हे.